परसात पडदा की भुताची वाट?
हॅलोविनला अंगणात भयपट दाखवायचा, की झाडाझुडपांतून, वळणावळणावर पाहुण्यांना दचकवणारी भुताची वाट आखायची? भयपटांचे वेडे जमणार असतील तर माझं मत पडद्याला. न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सातला चित्र स्वच्छ दिसतं. १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' लावा. कृष्णधवल, दीड तासाचा, आणि प्रिंटवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेल्याने अमेरिकेत सर्वांना खुला. फुगवायचा पडदा मात्र नको: त्याचा पंखा सतत घरघरतो आणि नेमक्या शांत प्रसंगाचा विचका करतो. दोन खांबांत ताणून बांधलेली पांढरी चादर बरी.

भुताच्या वाटेत मजा आहे, पण राबावं दुप्पट लागतं. धुराचं यंत्र उघड्यावर लावलं की एका झुळकीसरशी सगळा धूर शेजाऱ्याकडे. ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) धूर जमिनीलगत रेंगाळतो, पण तो बर्फ उणे ७८ अंशांचा. जाड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. शिवाय दर वळणावर दबा धरायला माणूस हवा, आणि तो बिचारा कुडकुडत असताना इकडे बटाटेवडे संपतात. लहान मुलं येणार असतील तरच ही वाट धरा. ती काही दीड तास एका जागी बसत नाहीत, आणि तो सिनेमा त्यांच्यासाठी नाहीच.