दुबळ्या संघाच्या हाती लांब पास: ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलवरचा (म्हणजे चेंडू हाताने फेकत आणि घेऊन धावत खेळायच्या अमेरिकी फुटबॉलवरचा) हा व्हिडिओ गेम तब्बल अकरा वर्षांच्या खंडानंतर जुलै २०२४ मध्ये परतला. त्यात १३४ संघ आहेत, पण बलाढ्य संघ घेऊन खेळण्यात फारशी गंमत नाही. ‘डायनेस्टी’ प्रकारात, म्हणजे प्रशिक्षक होऊन अनेक हंगाम संघ चालवायच्या प्रकारात, एखादा रडतखडत चालणारा संघ हाती घ्यावा. आक्रमण अडखळले की लांब पास वाढवण्याचा मोह होतोच, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नसतो, कारण कॉलेजच्या मैदानावर हॅश खुणांच्या दोन रांगांमधील (चेंडू यांच्यावर किंवा यांच्यामध्ये ठेवूनच खेळ सुरू होतो) अंतर व्यावसायिक मैदानावरील १८.५ फुटांऐवजी ४० फूट असते, त्यामुळे चेंडू एका खुणेवर असताना दुसऱ्या बाजूला मोकळे रान उरते आणि तेवढा पट्टा सांभाळताना सेफ्टीची (सर्वांत मागच्या बचावपटूची) ओढाताण होते. मात्र पास झेलण्यासाठी लांब धावणाऱ्या रिसीव्हरला वेळ लागतो, आणि आपली पुढची फळी कच्ची असेल तर तेवढ्यात पास फेकणारा क्वार्टरबॅक जमीनदोस्त होतो. म्हणून नुसते पास वाढवण्यापेक्षा, पहिल्याच डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) धावेची हूल देऊन, टाइट एंडला (एरवी पासही झेलणाऱ्या, फळीच्या टोकाच्या खेळाडूला) संरक्षणासाठी मागे ठेवून केलेली लांब फेक मला अधिक शहाणपणाची वाटते. तिसऱ्या डाऊनला अगतिकतेने केलेली फेक बचावाला अपेक्षितच असते. बटण किती वेळ दाबले यावर फेकीचा जोर ठरतो, त्यामुळे हात बसायला वेळ लागतो. प्रकाशनावेळी हा गेम केवळ प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज कन्सोलसाठी आला, संगणकासाठी नाही. तेव्हा केवळ याच्यासाठी कन्सोल घेण्याचा सल्ला मी देणार नाही.