प्लेस्टेशन विकत घ्यावं की नेटवरून खेळावं? गावातल्या घरासाठी तुलना

कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली आणि भाच्याने मनात दाबून ठेवलेला विषय काढला. "मामा, प्लेस्टेशन घ्याव का? का आता नेटवरच गेम खेळता येते म्हणतात, त्याचेच पैसे भराव?"

स्लिम पीएस५ (प्लेस्टेशन ५ चं बारीक मॉडेल) एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती, बिनडिस्कच्या, फक्त नेटवरून गेम उतरवायच्या डिजिटलची ४४,९९०. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे डिस्कवाला कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) साधारण पावणेसात क्विंटल कापसाचा झाला. कोरडवाहू एकरात एवढा कापूस निघाला तर आमच्याकडे माणूस समाधान मानतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर शहरातल्या माणसाचा व्हिडिओ पाहून देता येत नाही.

भाच्याचं घर आर्वी तालुक्यातलं, वर्धा जिल्हा. धाब्याचं जुनं घर, जाड मातीच्या भिंती, पुढे टिनाचा ओसारा. माझं घर तिथून जवळच. माझ्याकडे कन्सोल चार वर्षांपासून आहे. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवरून गेम खेळायची सेवा, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं तेव्हापासून तेही त्याच टीव्हीवर आणि फोनवर वापरून पाहतो आहे. पुढे जे लिहितो ते भाच्यासाठी, आणि असाच विचार करत असलेल्या दुसऱ्या कुणासाठी.

नेटवरून खेळणं म्हणजे नेमकं काय

गेम तुमच्या घरात चालतच नाही. दूरच्या एका केंद्रातल्या मशीनवर चालतो, तिथलं चित्र व्हिडिओ होऊन तुमच्या पडद्यावर येतं आणि तुम्ही दाबलेलं बटण उलट दिशेने तिकडे जातं. "पिक्चर तर मोबाइलवर मस्त चालतो, मग गेम का नाही चालणार?" असं भाचा म्हणाला. फरक इथेच आहे. सिनेमा पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मधे नेट अडखळलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही आता कोणतं बटण दाबता त्यावर ठरतं. जे घडलंच नाही ते आधी उतरवून ठेवणार कसं? म्हणून नेटचा प्रत्येक झटका थेट पडद्यावर दिसतो.

सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं. फायबरच्या काचेतून उजेड एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. समजा ते केंद्र मुंबईत आहे: नागपूर ते मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन सात-आठ मिलिसेकंद. तार वळणं घेत जाते, तर दुप्पट धरा. तरी विदर्भ लांब पडतो म्हणून गेम अडतो असं नाही. अडतो तो शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये: संध्याकाळी गच्च भरलेला टॉवर, तालुक्याहून गावात आलेली खांबावरची तार, आणि घरातला वायफाय.

स्पीड टेस्टवर जाऊ नका

एक्सबॉक्सच्या सेवेला फोनवर साधारण १० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) आणि मोठ्या पडद्यावर २० एमबीपीएस लागतात. माझ्या फायबरवर स्पीड टेस्ट ६० दाखवते. आकड्याप्रमाणे सगळं पुरून उरायला हवं. दुपारी तीनला खरंच छान चालतं. रात्री साडेआठला, सगळं गाव जेवून फोन घेऊन बसलं की, तोच आकडा ४५ वर येतो, म्हणजे अजूनही भरपूर. पण पिंग, म्हणजे इथून निघालेला इशारा तिकडून परत यायला लागणारे मिलिसेकंद, २५ वरून उडी मारून दीडशेवर जातो, परत खाली येतो, परत उडतो. चित्र धूसर होतं, गाडी वळणावर उशिरा वळते. सरासरी वेग चांगला असून खेळ बिघडतो तो या उड्यांमुळे.

म्हणून पैसे भरण्याआधी एक काम करा. ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, ज्या खोलीत खेळणार त्याच खोलीतून, संगणकावर किंवा फोनच्या एखाद्या साध्या ॲपवर पिंग सलग दहा मिनिटं चालू ठेवा. सरासरी बघू नका, सर्वांत मोठे आकडे बघा आणि किती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवले ते बघा. सलग तीन-चार रात्री बहुतेक आकडे ५० च्या आत राहिले आणि पॅकेट हरवले नाहीत, तर क्लाउडचा विचार करा. नाही तर नको.

घरातही एक अडचण असते. राउटर बैठकीत आणि टीव्ही आतल्या खोलीत, मधे मातीची जाड भिंत, असं असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय त्या भिंतीतच मरतो आणि २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढली तेव्हा माझ्याकडचा निम्मा त्रास गेला. खर्च काही शे रुपयांचा. कन्सोल असो वा क्लाउड, ही केबल घ्याच.

आणि मोबाइल डेटावर खेळणार असाल तर हिशेब करून बघा. १० एमबीपीएसने तासाला साडेचार जीबी जातात. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन वीस मिनिटांत संपेल. गावात ५जी पोचलं असेल आणि प्लॅनमध्ये ते अमर्याद असेल तर गोष्ट वेगळी, पण टॉवरवरच्या रात्रीच्या गर्दीचा प्रश्न उरतोच. फायबरवर डेटाची काळजी नको: महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनवर, २० एमबीपीएसने तासाला ९ जीबी धरले तरी साडेतीनशे तासांहून जास्त खेळता येतं.

कन्सोललाही नेट लागतं, हे दुकानदार सांगत नाहीत. मोठे गेम आता १०० जीबीच्या घरात असतात. ३० एमबीपीएसच्या नेटवर १०० जीबी उतरायला साडेसात तास. पण इथे गावाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. डाउनलोड मधे तुटलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. रात्री झोपताना लावा, लाइन जाऊ द्या, येऊ द्या, दोन रात्रींत गेम उतरतो, आणि एकदा उतरला की एकट्याने खेळायच्या बऱ्याचशा गेमना नेट नसलं तरी चालतं. अडखळणारं नेट कन्सोलला पुरतं, क्लाउडला पुरत नाही. आमच्यासारख्या गावात माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

लाइन, उन्हाळा आणि कापूस

वीज गेल्यावर दोन्ही बंद पडतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट ओढतो, वर टीव्ही. घरच्या इन्व्हर्टरवर हे चालतं, पण पंखे आणि दिव्यांचा वेळ खाऊन. शिवाय इन्व्हर्टर बदलताना जी क्षणभराची झपक होते तेवढ्याने काही वेळा कन्सोल बंद पडतो आणि सेव्ह न केलेला खेळ जातो. क्लाउड फोनवर खेळत असाल तर फोनला बॅटरी आहे आणि राउटरला छोटा यूपीएस पुरतो. वाचताना हे फार सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात गावातल्या केबलवाल्याचं मशीनही त्याच विजेवर असतं. त्याची बॅटरी संपली की आमचा राउटर चालू आणि नेट बंद, असं कित्येकदा झालं. त्याला भेटून बॅकअप किती वेळाचा आहे ते विचारा.

उन्हाळ्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पीएस५ साठी सोनीने दिलेलं चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा मे महिन्यात ४५ च्या पलीकडे जातात आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मी एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत किंवा रात्री उशिरा खेळतो, दुपारी कन्सोल चालूच करत नाही. कूलरच्या झोतातही ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि आमच्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळले की पांढरा थर सोडतात. कपाटात कोंबून ठेवणं तर त्याहून वाईट. या बाबतीत क्लाउड निःसंशय पुढे: गरम होणारी मशीन दूरच्या वातानुकूलित केंद्रात असते, तुमच्याकडे फक्त टीव्ही किंवा फोन. फोनही तापतो, पण त्याला सावलीत नेता येतं.

दुसरी गोष्ट कापूस. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरातच ठेवतो, आणि त्याचा तंतू सगळीकडे उडतो. मागच्या हिवाळ्यात माझा कन्सोल विमानासारखा आवाज करू लागला. पीएस५ चं बाहेरचं झाकण हाताने काढता येतं, आत धूळ जमण्यासाठी दोन भोकं दिलेली आहेत. ती उघडली तर आत बोटभर कापूस. व्हॅक्यूमने ओढून घेतला आणि आवाज बसला. ज्या खोलीत कापसाची गंजी आहे तिथे कन्सोल अजिबात ठेवू नका. तापणारी वस्तू आणि मोकळा कापूस एका खोलीत नको, यात गेमपेक्षा मोठा धोका आहे.

पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की कन्सोल आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या बऱ्याच केबलींना आधाराला पोलादी तार असते, ती नेऊ शकते.

पैसा

क्लाउडची सुरुवात स्वस्त. फोन-टीव्ही घरात आहेच, दोन-पाच हजारांचा कंट्रोलर घ्या आणि महिन्याचं भाडं भरा. सोपा हिशेब म्हणून महिन्याला १,००० रुपये धरले तर तीन वर्षांत ३६,००० होतात, आणि शेवटी हातात फक्त कंट्रोलर उरतो. भाडं वाढतंही: एक्सबॉक्सच्या सर्वांत वरच्या प्लॅनची अमेरिकेतली किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ झाली. पण भाडं थांबवताही येतं, आणि शेतीवाल्या घरासाठी हे फार मोलाचं आहे. पेरणीच्या महिन्यात बंद ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत चालू करा. शिवाय त्या भाड्यात बरेच गेम आलेले असतात.

कन्सोलचा खर्च पहिल्या दिवशी संपत नाही. मोठा नवा गेम चार-पाच हजारांचा असतो. इथे डिस्कवाला आणि बिनडिस्कचा यातला फरक किमतीतल्या फरकापेक्षा मोठा ठरतो. डिस्क विकता येते, बदलता येते. आमच्याकडे तिघा मित्रांत डिस्का फिरतात आणि नागपुरात बर्डीला गेलं की जुन्या देऊन दुसऱ्या आणता येतात. डिजिटलवर घेतलेला गेम विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. स्वस्त म्हणून बिनडिस्कचा घेणाऱ्याला मी नेहमी थांबवतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या भाड्याच्या सेवेचा भारतातला सर्वांत वरचा प्लॅन डीलक्स आहे आणि त्यात क्लाउड स्ट्रीमिंग नाही. परदेशी व्हिडिओत प्रीमियम प्लॅनवर जे दाखवतात ते इथे मिळेल असं धरून पैसे भरू नका.

सेवा बंद पडण्याची भीती काल्पनिक नाही. गुगलची स्टेडिया ही क्लाउड गेमची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. भारतात ती आलीच नव्हती. गुगलने गेमचे पैसे परत केले, पण खेळातली प्रगती सगळ्यांना दुसरीकडे नेता आली नाही. उलट पीएस२ चं उत्पादन थांबून दशक उलटलं, तरी आमच्या गावात एक अजून चालतो.

कोण खेळणार, काय खेळणार

क्रिकेटच्या गेममध्ये बॅटिंग म्हणजे सगळं टायमिंग. क्लाउडवर मी रात्री एकही डाव नीट खेळू शकलो नाही, चेंडू यष्ट्यांवर गेल्यावर बॅट फिरते. फुटबॉल, गाड्यांची शर्यत, गोळीबार यांचंही तेच. गोष्ट सांगणारे, सावकाश शोध घ्यायचे, पाळीपाळीने चाल करायचे गेम मात्र त्याच नेटवर आनंदाने खेळलो.

कन्सोल आला की शेजारची चार पोट्टी ओसरीत जमतात, दोन कंट्रोलर हातोहात फिरतात. मला ते फार आवडतं. पण संध्याकाळी टीव्ही मालिकांचा असतो आणि भाचीचा नंबर कधी लागत नाही. माझ्याकडे ती आली तेव्हा फोनला कंट्रोलर जोडून क्लाउडवर कोपऱ्यात बसून दोन तास खेळली, कुणाला विचारावं लागलं नाही. तिच्यासाठी क्लाउड हाच खरा कन्सोल होता.

बहिणीचा प्रश्न वेगळाच होता. "भाऊ, याच्यात पैसे लावा लागते का? त्या रमीसारखं?" नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, ते प्रकरण वेगळं. मात्र काही गेममध्ये वस्तू विकत घ्यायची सोय असते, म्हणून खात्याला कार्ड जोडून ठेवू नका आणि लहानांच्या खात्यावर खर्चाची मर्यादा घाला. हे दोन्हीकडे लागू.

तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल, फायबर रात्रीही स्थिर असेल, महिन्यातून चार-सहा वेळाच खेळणार असाल, तर कन्सोल घेऊ नका, क्लाउड पुरे. मोबाइल नेटवरच्या गावात असाल तर डिस्कवाला कन्सोल, जुना मिळाला तरी चालेल, फक्त विकत घेताना अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज ऐका. अधेमधे असाल तर आधी एक महिन्याचं क्लाउड भाडं भरा. नेट चाललं तर चाललं, नाही तर तेवढ्यावर सुटलात.

भाच्याने दहा मिनिटांची ती चाचणी पाच रात्री केली आणि वहीत आकडे लिहून आणले. दोन रात्री पिंग दोनशेच्या वर, एका रात्री नेटच नाही. त्याला आम्ही डिस्कवाला कन्सोल घेतो आहोत, कापसाचे पैसे आले की. त्याआधी आतल्या खोलीतली गंजी हलवायची आहे आणि टीव्हीपर्यंत केबल ओढायची आहे, त्यासाठी येत्या रविवारी जातो.