तळाचा फिल्टर मागून निघतो: संगणकाच्या साडेअठरा हजारांच्या कॅबिनेटचा एकवीस महिन्यांचा अनुभव

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका इमारतीच्या प्रवेशद्वाराचे अंतिम रेंडर (आराखड्यावरून संगणकाने तयार करायचे चित्र) चालू असताना माझा संगणक एकाएकी बंद पडला. पडद्यावर कसलीही सूचना आली नाही, आधी फॅनचा आवाज वाढला नाही. दिवा मालवावा तसा सगळा कारभार थांबला. त्यानंतर दहा मिनिटे बटण दाबूनही तो सुरू होईना, आणि मग काहीच घडले नसल्यासारखा सुरू झाला. दोन दिवसांत असे चार वेळा झाले. नोंदी तपासल्या तर बंद पडण्याच्या क्षणी प्रोसेसर ७८ अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड ७४ अंशांवर होते, म्हणजे दोन्ही आपापल्या मर्यादेत होते. घरी आलेल्या तंत्रज्ञाने एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी, गेल्याचे निदान केले आणि नव्यासाठी बारा हजारांचा आकडा सांगितला.

बारा हजार देण्याआधी एकदा स्वतः पाहावे म्हणून मी नवऱ्याच्या मदतीने कॅबिनेट, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यात बसतात तो पत्र्याचा सांगाडा, टेबलाखालून बाहेर ओढले आणि सतरंजीवर आडवे केले. एसएमपीएसच्या खाली जो जाळीचा फिल्टर असतो, त्यावर जवळजवळ अर्ध्या सेंटीमीटर जाडीचा राखाडी थर बसला होता. बोटाने ओढला तर तो गोधडीच्या अस्तरासारखा अखंड सुटून आला. त्यात सिमेंटची भुकटी होती, केस होते, कापसाचे तंतू होते, आणि समुद्राकाठच्या दमट हवेने हे सगळे एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते. फिल्टर धुऊन, वाळवून परत बसवला आणि तेच रेंडर पुन्हा लावले. ते पहाटेपर्यंत चालले. त्या दिवसापासून आजपर्यंत संगणक एकदाही तसा बंद पडलेला नाही आणि एसएमपीएस तोच आहे.

यामागचे कारण साधे आहे. ८० प्लस गोल्ड दर्जाचा (हा वीज किती कमी वाया जाते याचा दर्जा) एसएमपीएस २३० व्होल्टवर अर्ध्या भाराला सुमारे ९२ टक्के कार्यक्षमतेने चालतो. माझा ८५० वॅटचा आहे; रेंडरच्या वेळी तो सव्वाचारशे वॅट पुरवत असेल, तर सदतीस वॅटच्या आसपास उष्णता त्याच्या स्वतःच्या पेटीत तयार होते. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याचा फॅन कॅबिनेटच्या तळातून हवा ओढतो आणि मागून सोडतो. तळाची जाळी बुजली की आतले तापमान वाढत जाते आणि शेवटी अतितापापासून संरक्षण करणारी व्यवस्था पुरवठा तोडते. एसएमपीएसने आपले काम चोख केले होते. त्याला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, एवढेच.

आता माझ्या तक्रारीचा मुद्दा. हे कॅबिनेट साडेअठरा हजारांचे आहे आणि त्याचा तळाचा फिल्टर फक्त मागच्या बाजूने ओढून काढता येतो. समोरचा फिल्टर चुंबकावर बसतो, वरचा तर नुसता उचलायचा असतो. ते दोन्ही मी दर पंधरा दिवसांनी नियमाने धूत होते. तळाचा मात्र काढायचा असेल तर भरलेले एकवीस किलोंचे कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढावे लागते, त्याआधी मॉनिटरच्या, नेटच्या आणि स्पीकरच्या वायरी सोडवाव्या लागतात, आणि परत लावताना प्रत्येक वायर चाचपत जागेवर न्यावी लागते. पार्ल्यातल्या आमच्या साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात माझे टेबल कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये नेमके बसलेले आहे. मुंबईत बहुतेकांचे टेबल असेच भिंतीला लागून असते. जे काम करायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो ते काम महिन्यातून एकदा होत नाही, वर्षातून एकदा होते, आणि माझ्या बाबतीत ते एकोणीस महिन्यांनी, संगणक बंद पडल्यावर झाले.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ही रचना तिच्या एकटीची नाही. दुकानांत पाहिलेल्या निम्म्याहून अधिक महागड्या कॅबिनेटांत मला ती आढळली. समोरून निघणारा फिल्टर देता येत नाही असेही नाही. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीच्या डिफाइन ७ मध्ये तळाचा फिल्टर समोरून ओढता येतो, आणि ते कॅबिनेट २०२० सालचे आहे.

खरेदी २०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास लॅमिंग्टन रोडवर केली. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकाचे सुटे भाग घेणारा कोणी ते नाव घेत नाही. चार-पाच हजारांत तेव्हाही चांगली कॅबिनेटे मिळत होती, आणि घरात मला त्याबद्दल पुष्कळ ऐकावे लागले. माझे निकष ठरलेले होते. साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क बसल्या पाहिजेत, कारण जुन्या प्रकल्पांचे सगळे आराखडे त्यांवर आहेत आणि आजकाल महाग कॅबिनेटांतूनच हा कप्पा काढून टाकला जातो. प्रोसेसरचा १६५ मिलिमीटर उंचीचा कूलर आणि ३३६ मिलिमीटर लांबीचे ग्राफिक्स कार्ड ओढाताण न करता मावले पाहिजे. पत्रा जाड हवा. या तिन्ही कसोट्यांना हे कॅबिनेट पुरेपूर उतरले. ग्रँट रोडहून दुपारच्या धीम्या गाडीच्या लगेजच्या डब्यातून खोका घरी आणला तेव्हा पैसे सत्कारणी लागल्याचे समाधान होते. त्या वेळी फिल्टर कुठल्या बाजूने निघतो हे पाहायचे मला सुचले नाही, आणि विक्रेत्यानेही सांगितले नाही.

पहिल्या वर्षभरात शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला. जुनी इमारत पाडण्याचे काम तीन महिने चालले आणि त्या काळात खिडकीच्या काठावर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळी पुन्हा दिसत असे. पूर्व पार्ल्यात, चेंबूरला, मुलुंडला जे राहतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवणे हाच खरा उपाय असतो. हवा आत घेणारे फॅन जास्त आणि बाहेर टाकणारे कमी असले, तर फटींमधून हवा बाहेर निघते, आत शिरत नाही, आणि आत येणारी सगळी हवा फिल्टरमधूनच येते. समोर १४० मिलिमीटरचे तीन आणि मागे एकच अशी मांडणी मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. तिचा परिणाम डोळ्यांनी दिसतो: एकोणीस महिन्यांनी बाजूचे दार उघडले तेव्हा मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावर) बोट फिरवून जेमतेम पुसट रेघ उमटली. इतकी काळजी घेतलेल्या यंत्राला तळाच्या एका जाळीने बंद पाडावे, याचा मला फार राग आला.

त्या रागातच मी सेवा केंद्राला पत्र लिहिले. फिल्टर धुताना त्याचा प्लॅस्टिकचा एक कान तुटला होता आणि मला एक सुटा फिल्टर विकत हवा होता. फुकट मागितला नव्हता. पहिले उत्तर सहा दिवसांनी आले की फिल्टर झिजणाऱ्या वस्तूंमध्ये मोडतो, म्हणून वॉरंटीत बसत नाही. मी पुन्हा कळवले की मला वॉरंटी नको, किंमत सांगा. दुसरे उत्तर आले की सुटे फिल्टर भारतात आणले जात नाहीत. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा, तपासणीसाठी संपूर्ण कॅबिनेट मूळ खोक्यात बंद करून पाठवावे, असे सांगण्यात आले. कॅबिनेटचा तो खोका माझ्या कपाटाएवढा होता आणि मुंबईच्या घरात तो दीड वर्ष जपून ठेवणे शक्य नव्हते. त्यातही, एका जाळीसाठी सगळा संगणक खोलून, रोजचे काम आठवडाभर थांबवून, पेटी कुरियरने पाठवायची, ही मागणी मला आजही अन्यायाची वाटते.

इथपर्यंतचा मजकूर मी मे महिन्यात लिहून ठेवला होता, आणि तेव्हाचा निष्कर्ष असा होता की हे कॅबिनेट कोणी घेऊ नये. आता जुलै सरत आला आहे आणि माझे मत पुष्कळ बदलले आहे. फिल्टरबद्दलचे बदललेले नाही, पण बाकीच्या कॅबिनेटशी मी तेव्हा न्यायाने वागले नव्हते.

२०२५ च्या या वर्षी मुंबईत २६ मे रोजीच मोसमी पाऊस दाखल झाला. पावसाळ्यात धूळ कमी होते, पण हवेतला ओलावा इतका असतो की जाळीवर बसलेली धूळ ब्लोअरने उडत नाही, ती साबणाच्या पाण्यानेच धुवावी लागते. धुतलेली जाळी वाळायला पंख्याखालीही पूर्ण दिवस जातो, आणि तोवर संगणक उघड्या तळावर चालवणे मला मान्य नव्हते. म्हणजे मुंबईत एका जागेसाठी दोन फिल्टर लागतात, एक लावलेला आणि एक वाळत घातलेला. कंपनीकडून दुसरा मिळणार नाही हे कळल्यावर मी तो बनवायला घेतला.

पहिला प्रयत्न मैद्याच्या चाळणीच्या जाळीचा होता. ती इतकी बारीक निघाली की एसएमपीएसचा फॅन, जो एरवी कमी भाराला फिरतही नाही, तो नुसते ईमेल वाचतानाही गरगरू लागला. दुसरा प्रयत्न खिडकीच्या मच्छरदाणीच्या जाळीचा. तिच्यातून हवा उत्तम गेली, पण आठवड्यात एसएमपीएसच्या जाळीवर धूळ दिसू लागली. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच संगणकाच्या फॅनसाठी मिळणारी काळी पीव्हीसी जाळी दीडशे रुपयांना आणली. चौकटीसाठी मात्र अडले होते. आमच्या गल्लीत फ्रीज दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "ताई, फ्रीजच्या दाराचं जुनं गॅस्केट घेऊन जा, त्यातली चुंबकाची पट्टी काढा, पत्र्याला घट्ट बसेल." त्यांनी पट्टीचे पैसे घेतले नाहीत. जाळीच्या चारही कडांना ती पट्टी शिवली आणि पुढच्या कडेला नाडी लावली. सुताराकडून चार सेंटीमीटर उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या ऐंशी रुपयांत करून घेतल्या आणि त्यांवर कॅबिनेट उचलून ठेवले, म्हणजे समोरून हात आत जातो. आता नाडी ओढली की फिल्टर बाहेर येतो, दुसरा आत सरकवला की पत्र्याला खटकन चिकटतो. एकही वायर सोडवावी लागत नाही. दोनशे तीस रुपयांत जे जमले ते साडेअठरा हजारांत का नव्हते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पण हे जमले तेही कॅबिनेटचा पत्रा पूर्ण एक मिलिमीटर जाड आणि सपाट होता म्हणून, हे मान्य केले पाहिजे. त्याच जाडीचा दुसरा फायदा मला उशिरा कळला. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि पातळ पत्र्याच्या माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये रात्रीच्या शांततेत नेमकी तीच घरघर टेबलापर्यंत पोहोचत असे. इथे रबरी बुचांवर बसवलेल्या दोन डिस्क चालू असूनही ती ऐकू येत नाही. जूनमध्ये माझी मुलगी परीक्षेच्या अभ्यासासाठी त्याच खोलीत झोपत होती आणि रात्रभर रेंडर चालू असल्याचे तिला सकाळी सांगावे लागले. मे महिन्यात वजनाबद्दल मी जे कडक शब्द लिहिले होते ते मागे घेते; तेच वजन ही शांतता देते.

गंजाबद्दल थोडक्यात सांगते, कारण समुद्राजवळच्या लोकांना तो नेहमी विचारावासा वाटतो. रंगवलेला पत्रा दोन पावसाळ्यांत जसाच्या तसा आहे. मागच्या स्लॉटच्या (जोडकार्डांसाठीच्या खाचांच्या) पट्ट्यांच्या कापलेल्या कडांवर आणि दोन स्क्रूंच्या माथ्यांवर तांबूस ठिपके आले आहेत. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे त्याला पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या खुंट्या, अर्थातच स्वच्छ आहेत. काचेचे दार मी काढून ठेवले आहे. चार मिलिमीटरच्या त्या काचेचे वजन जवळपास दोन किलो भरते आणि प्रत्येक सफाईच्या वेळी ती फरशीवर कुठे ठेवायची याचीच धास्ती असे. सोबत आलेले पत्र्याचे दार लावले आहे.

एक दोष मात्र माझ्या उपायाने गेला नाही. एसएमपीएसच्या कप्प्याचे छत पूर्ण बंद आहे. ते जाळीदार असते, तर एसएमपीएस उलटा बसवून समोरच्या फॅनची गाळलेली हवा त्याला देता आली असती आणि तळाच्या फिल्टरचा प्रश्नच मिटला असता. ब्लोअर वापरणाऱ्यांना आणखी एक विनंती: हवा मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवा, मोकळे सोडले तर ते नेमलेल्या गतीपेक्षा वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

गेल्या शनिवारी मावसभावासाठी कॅबिनेट घ्यायला पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. पंधरा हजारांच्या वरची सहा कॅबिनेटे दुकानदाराला खाली उतरवायला लावली, प्रत्येकाची पाठ भिंतीला टेकवून ठेवली आणि भावाला सांगितले की आता जागचे न हलवता तळाचा फिल्टर काढून दाखव. सहापैकी दोघांचाच निघाला. त्या दोनमधले स्वस्त होते ते त्याने घेतले, आणि पैसे देण्याआधी त्याच फिल्टरचा आणखी एक नग मिळेल का हे विचारून, तो दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतला.