जुन्या पद्मिनीची पेट्रोल लाइन: आतून साफ करावी की नवी टाकावी?

बरीच वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी चालू करायला घेतली की फिल्टरमध्ये तांबूस गाळ येतो. लाइनला हात लावण्याआधी टाकी उतरवून आत बघा. गंज बहुतेक वेळा तिथूनच येतो, आणि तिथे तो राहिला तर पुढची मेहनत वाया.

उरली गाडीखालून पुढे येणारी पोलादी नळी. ती घरी साफ करायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. व्हिनेगरमध्ये आम्ल जेमतेम 4-5 टक्के, त्यामुळे काम रेंगाळतं, वासही घरभर. माझं मत लिंबूफुलाला: लिटरभर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम. मात्र एक हिशेब ध्यानात ठेवा. आतून 6 मिलिमीटरच्या 3 मीटर नळीत फक्त 85 मिलीच्या आसपास द्रव मावतो. एवढंसं आम्ल गंज खाऊन लवकर दमतं, म्हणून एकदा भरून रात्रभर ठेवण्यापेक्षा दर तासा-दोन तासांनी बदलत राहणं बरं. तोंडं बंद करू नका, आत वायू तयार होतो. नंतर खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच हवा मारून नळी कोरडी करून पातळ तेल फिरवा. ओलं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस होतं. फॉस्फोरिक ॲसिड इथे सरस, कारण ते फॉस्फेटचा थर मागे ठेवतं. संडास साफ करायचं ॲसिड मात्र अजिबात नको, ते पोलादच खातं.

हे सगळं पेट्रोल पूर्ण काढून, बॅटरीची वायर सोडून, मोकळ्या हवेत. नळी दोन्हीकडून सुटी हवी, नाहीतर आम्ल पंप आणि कार्बोरेटरच्या मऊ धातूला लागेल.

आता खरी अडचण. कधी कधी गंजानेच बारीक भोकं बुजवलेली असतात. साफ केली की ती उघडतात. पद्मिनीचा पंप इंजिनावर आहे, तो लाइनमधून पेट्रोल ओढतो. त्यामुळे भोकातून थेंब पडण्याऐवजी हवा आत जाते, गाडी चढावर गुदमरते आणि आपण कार्बोरेटर खोलत बसतो.

म्हणून नळी बाहेरूनही पापुद्रे सोडत असेल तर साफसफाईचा विचार सोडा. नव्यात पोलादी नळी स्वस्त, पण पुन्हा गंजणार. तांबं हाताने वळतं, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूची मिळाली तर तीच घ्या: गंजत नाही, वळवायलाही सोपी. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारलं जातं) तर दाब 3 बारच्या घरात असतो, तिथे जुनी नळी साफ करून वापरायचीच नाही.

रबरी तुकडे दोन्ही पर्यायांत बदलायचेच. दुकानात 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे मागा.