सहा इंची ग्रो-ट्रे घेताय? आधी भोकं पाडा

आमची गच्ची पाथर्डी फाट्याला, चौथ्या मजल्यावर. पांडवलेण्याच्या बाजूनं सगळं मोकळं, त्यामुळे जून लागला की वारा असा सुटतो की चार-चार चिमटे लावूनही टॉवेल शेजारच्यांच्या गच्चीतच सापडतो. तिथं भाजी लावायची हौस म्हणून मे मध्ये चार ट्रेचा सेट ऑनलाइन मागवला, दोन फूट लांब, फूटभर रुंद, खोली फक्त सहा इंच. साडेअकराशे रुपये.

प्लास्टिक जाड आहे, नाशिकच्या मे च्या उन्हात वाकलं नाही. तक्रार तळाची. भोकांच्या जागी नुसत्या खुणा, आणि सोबतच्या कागदावर लिहिलंय की भोकं नाही पाडली तरी चालेल, पाण्याची बचत होते. अहो पावसाळ्यात कसली बचत! पण मी शहाणी, ऐकलं. मेथी मस्त उगवली आणि मग जुलैत चार दिवस झड लागली, सगळी रोपं मातीलगत मऊ पडून आडवी.

नर्सरीवाल्या काकांनी भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला, ठिबकायचा थांबला की उभा केला, तर परत पाणी गळायला लागलं. म्हणाले मातीचं पण असंच, कुंडी खोल असो की उथळ, तळाचा इंच-दोन इंच थर गच्च ओला राहतोच. बादलीत ते खपून जातं, सहा इंचात मुळांना जागाच उरत नाही.

मग सळई तापवून प्रत्येक ट्रेला बारा भोकं पाडली आणि एका टोकाखाली वीट सरकवली, ट्रे तिरका झाला की पाणी निघून जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतो) निम्मं होतं ते कमी केलं, इगतपुरीहून मामांनी पाठवलेलं भाताचं तूस आणि शेणखत मिसळलं. वरून हिरवी शेडनेट बांधली, नाहीतर थेंबांच्या माऱ्यानं धणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात (झालेत, म्हणून सांगते). सारखा पाऊस खत पण धुऊन नेतो, पानं पिवळी दिसली की मूठभर गांडूळखत.

आता मेथी, शेपू, लाल माठ, कोथिंबीर सगळं येतं. मुळा करंगळीएवढा झाला, पाल्याची भाजी केली. खोक्यावर लगडलेल्या टोमॅटोचा फोटो आहे तो विसरा, माझं झाड काठीसकट उपटून पडलं, एवढ्याशा मातीत काठी रोवणार कुठे. आणि रिकामा ट्रे गच्चीवर ठेवू नका, माझा एक पार्किंगमध्ये सापडला, नशीब कुणाच्या गाडीवर नाही पडला.

तीन स्टार, दोन त्या कागदासाठी कापले. खालच्या वहिनी द्राक्षाच्या जुन्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून लावतात, खर्च जवळपास शून्य आणि मेथी माझ्याआधी तयार. जुडी द्यायला आल्या तेव्हा ट्रे केवढ्याला पडले विचारत होत्या, मी आठशे सांगितलं.