बेलम की बोर्रा?

चुनखडीच्या गुहा एकदाच पाहायच्या असतील तर आंध्र प्रदेशातील बेलम पाहावी की बोर्रा, असे एका स्नेह्यांनी विचारले. दोन्हीकडचा कारागीर एकच, तो म्हणजे मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेले आणि चुनखडी विरघळवणारे पाणी. (अजिंठा-वेरूळची लेणी मात्र बेसाल्टात माणसाने कोरलेली आहेत.)

बेलममध्ये हे पाणी खडकाच्या आडव्या थरांतून वाहिले, म्हणून तेथे ३ किलोमीटरांहून अधिक लांबीचे, गुळगुळीत भिंतींचे बोगदे दिसतात. लवणस्तंभ, म्हणजे छतावरून लोंबणारे किंवा जमिनीवरून वर वाढणारे चुन्याचे खांब, त्या मानाने कमी आहेत. बोर्रा येथे पाण्याचे उलटे काम जवळून पाहता येते: लोंबत्या लवणस्तंभाच्या टोकाशी थेंब क्षणभर थबकतो, त्यातील वायू निसटतो, आणि विरघळलेला चुना तेथेच कणाकणाने साचतो.

श्रमांचे म्हणाल, तर बेलममध्ये दमट उकाडा असून काही ठिकाणी वाकून जावे लागते. बोर्राची दालने प्रशस्त असली तरी पायऱ्या बऱ्याच आहेत. विशाखापट्टणमहून बोर्रापर्यंत रेल्वे जाते, शिवाय घाटाचा प्रवासही सुरेख आहे.

पाणी खडक कसा पोखरते हे समजून घ्यायचे असेल, तर बेलम. मुलांना घेऊन लवणस्तंभ पाहायचे असतील, तर बोर्रा.