फिजिओथेरपी: एकाच हाताखाली, की जो मोकळा असेल त्याच्याकडे?

गुडघ्याची शस्त्रक्रिया असो, आखडलेला खांदा असो की महिनोन्महिने ठणकणारी कंबर, फिजिओथेरपी घ्यायची ठरली की साधारण दोन प्रकारची व्यवस्था समोर येते. एकीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच थेरपिस्ट, त्याच्या सवडीने ठरलेल्या वेळा. दुसरीत मोठं केंद्र आणि चार-पाच जणांची टीम. तुम्ही तुमच्या सोयीने जायचं, त्या वेळी जो मोकळा असेल तो घेतो. पदव्या, मशीन, व्यायामाची जागा यांत हल्ली फारसं डावं-उजवं उरलेलं नाही, म्हणून ते सोडून देतो. मी पहिली व्यवस्था निवडली. दुसरी वाईट आहे असं मात्र नाही. काहींना तीच जास्त सोयीची पडेल.

टीमच्या बाजूचं आधी सांगतो. गुडघ्यातल्या लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या बंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होण्याला फार महत्त्व असतं. तो सरळपणा वेळेत आला नाही, तर पुढे मिळवताना नाकी नऊ येतात. या काळात आठवड्यातून तीन-चारदा जाता येणं मोलाचं, मग हात कोणाचा का असेना. थेरपिस्ट एकटा असला की त्याची रजा, त्याचं आजारपण म्हणजे तुमच्या उपचारात खंड. शिवाय नव्या माणसाची नजर ताजी असते. पायातली ताकद हळूहळू कमी होत असेल, तर रोज पाहणाऱ्याच्या ते अंगवळणी पडतं आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला चटकन खटकतं.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते एका कटकटीमुळे. दर वेळी दुखण्याचा इतिहास नव्याने सांगावा लागतो, अशी तक्रार बहुतेक जण करतात. ती खरी आहे, पण तिथे फक्त तोंड दुखतं. नुकसान होतं ते भाराच्या बाबतीत. अनोळखी थेरपिस्ट सावध असतो आणि त्याने तसं असायलाच हवं, कारण तुमचा गुडघा त्याने आधी पाहिलेला नसतो. फायलीत लिहिलेलं असतं, ‘स्टेप-अप, ३ सेट, सहन झाले’. पायरी किती उंच होती, कितव्या सेटला गुडघा आत वळायला लागला, दुसऱ्या दिवशी सूज होती का, यातलं काही नसतं. मग तो २० सेंटिमीटरची पायरी काढून १५ची ठेवतो, तीनऐवजी दोन सेट घेतो. पुढचा येतो तोही तेच करतो. स्नायूंची ताकद वाढायची तर भार टप्प्याटप्प्याने चढता लागतो, सेटमधल्या शेवटच्या दोन-तीन वेळा जड जाव्या लागतात. चार जणांच्या हातांतून फिरताना तो भार सुरुवातीच्याच आसपास घुटमळतो. चूक कोणाचीच नसते, आणि तरी दोन महिन्यांनी मांडी होती तेवढीच बारीक.

याच सावधपणाची दुसरी बाजू घरच्या व्यायामांत दिसते. प्रत्येक जण आपला एखादा व्यायाम कागदावर वाढवतो. आधीच्याने दिलेला काढून टाकायला कोणी धजत नाही. पाहता पाहता यादी आठ-नऊवर जाते. ६५ वर्षांवरच्या व्यक्तींवर झालेल्या १९९९च्या एका अभ्यासात दोन व्यायाम दिलेल्यांनी ते आठ दिलेल्यांपेक्षा जास्त नीट करून दाखवले होते. सूचनांचंही तेच होतं. एक म्हणतो टाचेवर भार द्या, दुसरा म्हणतो गुडघा बाहेर ठेवा, तिसरा म्हणतो पोट आत घ्या. तिन्ही बरोबर असतील, पण शिकणाऱ्याला एका वेळी एकच झेपते.

मोजमापाचं काय, असं कोणी विचारेल. सांध्याचा कोन गोनिओमीटरने मोजतात. गुडघ्यासाठी त्याचा मध्य सांध्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक दांडी खुब्याच्या बाहेरच्या हाडाकडे आणि दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. यातला एक बिंदू बोटभर सरकला तरी आकडा बदलतो. एकाच माणसाने पुन्हा मोजताना जेवढा फरक पडतो, त्याहून तो दोन वेगळ्या माणसांत सहसा जास्त असतो. म्हणजे एका थेरपिस्टने ११० अंश लिहिले आणि पुढच्याने १०५, तर गुडघा मागे गेला की मोजणारा बदलला, हे सांगता येत नाही. हाताने ताकद तपासण्याची ० ते ५ ही पट्टी तर आणखी सैल, कारण ४ आणि ५ यांतला फरक तपासणाऱ्याच्या हाताच्या जोरावरही ठरतो.

दुखण्याचंही तसंच. व्यायाम करताना १० पैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालतं, असा ठोकताळा बरेच थेरपिस्ट वापरतात. मात्र एकाचा चार हा दुसऱ्याचा सात असतो. तुमचा चार केवढा, हे ओळखायला समोरच्याला काही आठवडे तुम्हाला पाहावं लागतं.

नात्याबद्दल बोलायचं, तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये मानसोपचारासाठी तीन गोष्टी मांडल्या होत्या: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपसातला विश्वास. फिजिओथेरपीतही हीच मांडणी वापरली जाते. २०१४मध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांवर कॅनडात एक प्रयोग झाला. काहींना खरा विद्युतप्रवाह दिला, काहींना नुसतंच बंद मशीन लावलं. आणि दोन्ही गटांत काहींशी थेरपिस्ट जेमतेम बोलला, तर काहींजवळ थांबून त्याने नीट ऐकून घेतलं. बंद मशीन पण आपुलकीने बोलणं मिळालेल्यांचं दुखणं सरासरी २.२ अंकांनी उतरलं, तर खरं मशीन पण तुटक वागणूक मिळालेल्यांचं १.८ अंकांनी. दोन्ही चांगलं मिळालेल्यांचं सर्वांत जास्त, ३.१ अंकांनी. प्रयोग एकाच सेशनचा होता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. आपुलकी टीममधला थेरपिस्टही दाखवू शकतो, हेही खरं. फक्त ध्येयावरचं एकमत दर वेळी नव्या माणसाशी कसं करणार, हा प्रश्न राहतोच.

एकाच थेरपिस्टच्या नात्याला स्वतःचा एक रोग आहे: भीड. आठवडाभर व्यायाम केलेले नसताना ‘केले’ म्हटलं जातं, दुखत असताना ‘बरं आहे’ म्हटलं जातं. तुमच्या या उत्तरावर तो भार वाढवतो आणि सूज येते. दुसरा धोका गप्पांचा. शेक, मशीन, थोडं चोळणं आणि गप्पा यांत तास जातो, छान वाटतं, आणि तीन महिन्यांनी जिना तसाच अवघड. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं: आपण काय मोजणार, पुन्हा कधी मोजणार, आणि फरक नसेल तर काय करणार? चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणी नसेल, तर माणूस कितीही चांगला असला तरी मी दुसरा शोधेन.

खंड परवडणार नाही अशा पहिल्या आठवड्यांत टीम घ्यायला हरकत नाही. ताकद आणि आत्मविश्वास परत आणायचा लांबचा टप्पा मात्र शक्यतो एकाकडे द्यावा. मोठ्या केंद्रातही ‘माझा मुख्य थेरपिस्ट कोण?’ असं विचारता येतं. बऱ्याचदा कोणी विचारलेलंच नसतं, म्हणून ते ठरलेलं नसतं. तेही जमत नसेल, तर एक वही ठेवा. आपल्याला जमायला हवीत अशी रोजची तीन कामं लिहून प्रत्येकाला ० ते १० गुण द्या, आणि ते दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. त्याखाली दर वेळची पायरीची उंची, वजन, सेट, दुसऱ्या सकाळचं दुखणं आणि सूज. नवा थेरपिस्ट आला की आधी ते पान त्याच्यापुढे ठेवा. तोंडी सांगितल्यावर तो पायरी कमी करतो. लिहिलेलं दिसलं की निदान कमी का करतोय, हे त्याला सांगावं लागतं.